डीएनएला रेडिएशनपासून वाचवणारी औषधं : प्लाझ्मिडवर चालतं ते पेशींवर का चालत नाही?

उकल

रेडिएशनपासून संरक्षण देऊ शकेल असं एक नवं फिनॉलिक संयुग तपासायचं काम चालू आहे. तुलनेसाठी अमिफोस्टिन (रुग्णांत वापरलं जाणारं रेडिएशनरोधक औषध) आणि त्याचं सक्रिय रूप डब्ल्यूआर-१०६५ घेतलं आहे. स्रोत कोबाल्ट-६०. निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून हा धागा.

प्लाझ्मिड (जिवाणूतला छोटा गोल डीएनए) : पीयूसी१९, १० मिलिमोलर ट्रिस बफर, पीएच ७.५, डोस ० ते १०० ग्रे (शोषलेल्या रेडिएशनचं एकक). संयुग ५० मायक्रोमोलर, डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं, त्यामुळे शेवटच्या द्रावणात डीएमएसओ १ टक्का. जेलवर प्लाझ्मिड जवळजवळ पूर्ण सुरक्षित दिसतो. नुसत्या बफरच्या कंट्रोलमध्ये तो तुटतो.

पेशी : व्ही७९ (चिनी हॅम्स्टरच्या). अमिफोस्टिन ४ मिलिमोलर, ३० मिनिटं आधी : काहीच फरक नाही. डब्ल्यूआर-१०६५ तेवढंच, १० टक्के गोवंशीय सिरम असलेल्या मीडियममध्ये : रेडिएशन न देताच वसाहती (एकेका जगलेल्या पेशीपासून वाढलेले पुंजके) निम्म्याहून कमी. पण तेच औषध बंद नळीत दाट सस्पेन्शनला दिलं तर संरक्षण प्रचंड, डोस-घट गुणक (तोच परिणाम व्हायला औषधासह किती पट डोस लागतो तो आकडा) २.७ च्या आसपास.

नवं संयुग २४ तास आधी दिलं : २ ग्रेनंतर ३० मिनिटांनी मोजलेले गॅमा-एच२एएक्सचे (डीएनए तुटल्याची खूण असलेल्या प्रथिनाचे) ठिपके ४० टक्क्यांनी कमी. वसाहतींची संख्या मात्र जशीच्या तशी.

यातलं कशावर विश्वास ठेवायचा? आणि अमिफोस्टिन रुग्णांत चालतं तर फ्लास्कमध्ये का नाही?

---

किरणमापक

आधी प्लाझ्मिडचा निकाल बाजूला ठेवा. तिथे तुम्ही संयुग तपासलेलं नाही, डीएमएसओ तपासलाय.

हिशेब करून बघा. पाण्यात १ ग्रे डोस दिला की साधारण ०.२८ मायक्रोमोलर हायड्रॉक्सिल रॅडिकल (समोर येईल त्या रेणूशी अभिक्रिया करणारे अस्थिर कण) तयार होतात. विरळ द्रावणातल्या प्लाझ्मिडची बहुतेक तोडफोड हेच करतात. एखादा पदार्थ त्यांना किती वेगानं टिपतो हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं : त्याची सांद्रता आणि अभिक्रियेचा वेगांक. १ टक्का डीएमएसओ म्हणजे सुमारे ०.१४ मोलर. वेगांक सुमारे ७०० कोटी प्रति मोलर प्रति सेकंद. गुणाकार सेकंदाला सुमारे १०० कोटी. १० मिलिमोलर ट्रिसचा गुणाकार येतो दीड कोटीच्या आसपास, म्हणजे ट्रिससुद्धा निरुपद्रवी बफर नव्हे. आता तुमचं ५० मायक्रोमोलर संयुग. ते रॅडिकलशी भेटेल तितक्या वेळा अभिक्रिया करतं असं गृहीत धरून वेगांक १,००० कोटी लावला, तरी गुणाकार ५ लाख. डीएमएसओच्या १०० कोटींपुढे हे ५ लाख दिसणारच नाहीत.

म्हणून कंट्रोल नुसत्या बफरचा नको, डीएमएसओ घातलेल्या बफरचा हवा. आणखी चांगलं म्हणजे ट्रिस काढून फॉस्फेट बफर वापरा, कारण फॉस्फेट हायड्रॉक्सिलला जवळजवळ टिपत नाही. संयुग पाण्यात विरघळत नसेल तर डीएमएसओ इतका खाली आणावा लागेल की त्याचा गुणाकार संयुगाच्या गुणाकाराखाली जाईल, आणि हिशेब सांगतो की ते बहुधा जमणार नाही. तसं असेल तर हा प्रयोग या संयुगासाठी सोडून द्या.

जेल मोजताना एक चूक सर्रास होते. एथिडियम ब्रोमाइड पीळदार रूपात कमी शिरतं, म्हणून त्या पट्टीची तीव्रता साधारण १.४ नं गुणावी लागते. ते न केल्यास शून्य डोसलाच तुटलेला प्लाझ्मिड जास्त दिसतो.

आता महत्त्वाचं. पेशीच्या आत प्रथिनं आणि इतर रेणूंची इतकी गर्दी असते की तिथली स्वतःची टिपण्याची क्षमताच सेकंदाला काही दहा कोटींपासून १०० कोटींपर्यंत धरतात. हायड्रॉक्सिल तिथे काही नॅनोमीटरच सरकतो आणि नॅनोसेकंदांत संपतो. अशा गर्दीत मायक्रोमोलर प्रमाणातलं कोणतंही संयुग नुसतं रॅडिकल टिपून डीएनए वाचवूच शकत नाही. वनस्पतींच्या अर्कांवरचे कितीतरी शोधनिबंध ‘प्लाझ्मिड वाचला, म्हणून रेडिएशनरोधक’ एवढ्यावर उभे असतात. विरळ पाण्यात साखर घातली तरी प्लाझ्मिड वाचतो.

---

थायॉल

वरच्या प्रतिसादाला +१. पेशींच्या भागाचं मी सांगतो. तुमचे तिन्ही निकाल खरे आहेत, फक्त त्यांचा अर्थ वेगळा आहे.

अमिफोस्टिनचं काहीच न चालणं. अमिफोस्टिन हे औषधाचं झाकलेलं रूप. गंधकावर फॉस्फेट बसवलेला असल्यानं ते स्वतः थायॉल (मोकळा गंधक-हायड्रोजन गट असलेलं संयुग) नाही. अल्कलाइन फॉस्फेटेज या विकरानं फॉस्फेट काढला की डब्ल्यूआर-१०६५ मिळतं, आणि पेशीत शिरून काम करतं ते हेच. शरीरात हे विकर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात भरपूर असतं. तुमच्या फ्लास्कमध्ये ते पुरेसं नाही, म्हणून औषध झाकलेलंच राहिलं. अपयश औषधाचं नाही. पेशीसंवर्धनात थेट डब्ल्यूआर-१०६५ वापरा.

डब्ल्यूआर-१०६५चं विष ठरणं. दोषी सिरम आहे. गोवंशीय सिरममध्ये तांबंयुक्त अमीन ऑक्सिडेज असतात. डब्ल्यूआर-१०६५च्या रेणूत अमीन गट आहेत. ही विकरं त्यांचं ऑक्सिडीकरण करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, अमोनिया, आल्डिहाइड तयार होतात. पेशी मेल्या त्या या उत्पादनांनी. उपाय दोन : औषधाच्या त्या ३० मिनिटांपुरतं सिरमविरहित मीडियम घ्या, किंवा १ मिलिमोलर अमिनोग्वानिडिन घालून विकर बंद करा. सिरम काढल्यानं तुमच्या पेशी सुटत असतील तर दुसरा मार्ग बरा. रेडिएशन संपताच औषध धुऊन टाकायचं, उशीर नको.

बंद नळीतलं प्रचंड संरक्षण. यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवा. थायॉलचं आपोआप ऑक्सिडीकरण होतं आणि त्यात मीडियममधला ऑक्सिजन खर्च होतो. ३७ अंश सेल्सिअसला मीडियममध्ये विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम ०.२ मिलिमोलर. तुमचं थायॉल ४ मिलिमोलर. पेरॉक्साइड बनण्यावर थांबलं तर दोन थायॉलमागे एक ऑक्सिजन जातो, पाण्यापर्यंत गेलं तर चार थायॉलमागे एक. म्हणजे थायॉलचा १० ते २० टक्के भाग खर्च झाला की नळीतला ऑक्सिजन संपला. त्यात दाट सस्पेन्शनमधल्या पेशी स्वतः श्वसन करतातच. ऑक्सिजन नसलेल्या पेशींना क्ष किंवा गॅमा किरणांचा तोच परिणाम व्हायला २.५ ते ३ पट डोस लागतो. तुमचा २.७ नेमका त्या पट्ट्यात पडतो, हा योगायोग मानू नका.

तपासायचं कसं : पेशी डिशवर एकपदरी वाढवा, वर मीडियमचा पातळ थर ठेवा, झाकण सैल. सस्पेन्शनच हवं असेल तर घनता कमी ठेवून हवा आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड यांचं मिश्रण वरून वाहतं ठेवा आणि ढवळत राहा. ऑक्सिजन इलेक्ट्रोड असेल तर रेडिएशनच्या क्षणी नळीत किती उरला ते मोजा. मोजल्याशिवाय हा आकडा कुठेही छापू नका.

थायॉल खरंच थायॉल आहे का. द्रावण दर वेळी ताजं, बर्फावर, नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवलेल्या बफरमध्ये. तांबं किंवा लोहाचा अंश असला तर ऑक्सिडीकरण भराभर होतं. वापरण्यापूर्वी एलमन अभिकर्मकानं (मोकळ्या थायॉलशी रंग देणारं रसायन) मोजा : पीएच ८, ४१२ नॅनोमीटर, शोषणांक १४,१५०. ४ मिलिमोलर द्रावण १०० पट विरळ करून १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये शोषण ०.५७ च्या जवळ यायला हवं. ०.३ आलं तर अर्धं औषध आधीच डायसल्फाइड (दोन थायॉल जोडून बनलेलं ऑक्सिडीकृत रूप) झालंय.

---

उकल

एलमनचं मोजमाप घेतलेलं नव्हतं, घेतो. पण मग वरचा हिशेब डब्ल्यूआर-१०६५लाही लावला तर? ४ मिलिमोलर गुणिले १,००० कोटी म्हणजे ४ कोटी. पेशीच्या १०० कोटींपुढे तेही थोडंच. मग ते वाचवतं कसं?

---

थायॉल

बरोबर पकडलंत. टिपणं हे त्याचं मुख्य काम नाहीच.

पहिली गोष्ट जागेची. शरीराच्या पीएचला डब्ल्यूआर-१०६५वर दोन धन प्रभार असतात. डीएनए म्हणजे ऋण प्रभारांची लांबच लांब साखळी. त्यामुळे औषध डीएनएच्या भोवती दाटतं आणि तिथली सांद्रता द्रावणातल्या सरासरीपेक्षा कितीतरी वाढते. त्याच्या डायसल्फाइडवर तर चार धन प्रभार. उलट ग्लुटाथायॉन हे पेशीचं स्वतःचं थायॉल ऋणप्रभारित असल्यानं डीएनएजवळून ढकललं जातं. म्हणून पेशीत मिलिमोलर ग्लुटाथायॉन असूनही ते वेगळ्या औषधाची जागा भरून काढत नाही. नवं संयुग घडवताना त्याचा प्रभार काय आहे हा पहिला प्रश्न असायला हवा, आणि बहुतेक फिनॉलिक संयुगं इथेच मागे पडतात.

दुसरी गोष्ट वेळेची. डीएनएवर रॅडिकल तयार झाला की दोघं त्याच्यासाठी धावतात. ऑक्सिजन पोचला तर पेरॉक्सिल बनून इजा पक्की होते. थायॉल आधी पोचलं तर ते एक हायड्रोजन देऊन रेणू पूर्ववत करतं. ही शर्यत मिलिसेकंदांत संपते. त्यानंतर दिलेलं थायॉल या वाटेनं काहीही करू शकत नाही.

याच कारणानं अल्फा कण किंवा न्यूट्रॉन यांच्यासमोर ही औषधं फिकी पडतात. क्ष आणि गॅमा किरणांत इजेचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाण्याच्या रॅडिकलमार्फत होतो. दाट आयनीभवन करणाऱ्या कणांत थेट आघात आणि एकाच जागी गर्दीनं झालेल्या जखमा जास्त असतात, तिथे एकेक हायड्रोजन देऊन भागत नाही.

---

ठिपका

गॅमा-एच२एएक्सबद्दल. ठिपके म्हणजे तुटलेला डीएनए नव्हे. ते तुटल्यावर पेशीनं लावलेलं निशाण आहे. निशाण कमी झालं याचा अर्थ तोडफोड कमी झाली असा एकदम लावता येत नाही.

एच२एएक्सवर फॉस्फेट चढवण्याचं काम मुख्यतः एटीएम आणि डीएनए-पीके ही कायनेज करतात. फिनॉलिक संयुगं, विशेषतः फ्लॅव्होनॉइड, कायनेज अडवण्यात पटाईत असतात. कायनेज अडला की तुटलेली टोकं तेवढीच, ठिपके कमी. ‘४० टक्के कमी ठिपके, वसाहती त्याच’ हे चित्र याच्याशी चपखल जुळतं. ५३बीपी१ हे तुटीपाशी जमणारं दुसरं प्रथिन मोजून खात्री होणार नाही, तेही याच साखळीवर अवलंबून आहे. भौतिक मोजमाप हवं : अल्कलाइन कॉमेट (तुटलेला डीएनए विजेच्या क्षेत्रात पेशीतून शेपटीसारखा ओढला जातो ती चाचणी) २ ते ८ ग्रे, पेशी बर्फावर ठेवून रेडिएशन, लगेच लायसिस (पेशी फोडणं), अंधुक उजेडात काम. बर्फ यासाठी की दुरुस्ती थांबावी. एकपदरी तुटी काही मिनिटांतच जुळायला लागतात आणि खोलीच्या तापमानाला पाच-सहा मिनिटं गेली तरी शेपटी छोटी दिसते, जी संरक्षण म्हणून वाचली जाते. दुपदरी तुटींसाठी न्यूट्रल कॉमेट किंवा पल्स्ड-फील्ड जेल, पण त्यांना जास्त डोस लागतो.

प्रमाणाचा अंदाज असू द्या : १ ग्रेमागे एका पेशीत साधारण १,००० एकपदरी आणि ३० ते ४० दुपदरी तुटी.

शिवाय २४ तास आधी संयुग देणं हाच एक वेगळा प्रयोग होऊन बसतो. तेवढ्या वेळात पेशीचक्र सरकतं. जी१ (डीएनएची प्रत बनण्याआधीची अवस्था) मधल्या पेशीत डीएनए जी२च्या (प्रत बनल्यानंतरच्या) निम्मा, म्हणून ठिपकेही निम्म्याच्या आसपास. संयुगानं पेशी जी१ला अडवल्या असतील तर काहीही न वाचवता सरासरी घसरेल. डॅपी या डीएनए-रंगाच्या तीव्रतेवरून जी१ आणि जी२ वेगळे काढून मगच तुलना करा. वसाहतींच्या चाचणीतही हाच धोका आहे, कारण एस (प्रत बनण्याच्या) अवस्थेच्या शेवटाकडे पेशी चिवट असतात आणि जी२ व विभाजनाच्या (एम) अवस्थेत नाजूक.

आणखी दोन कंट्रोल घाला. एक, संयुग रेडिएशनच्या १५ मिनिटं आधी. दोन, रेडिएशननंतर लगेच. आधी चाललं, नंतर नाही चाललं, तर रासायनिक संरक्षणाचा दावा उभा राहतो. दोन्हीकडे सारखंच चाललं तर तुमचं संयुग दुरुस्ती, पेशीचक्र किंवा पेशीमृत्यू यांत ढवळाढवळ करतंय. तेही उपयोगी असू शकतं, पण त्याला डीएनए-संरक्षक म्हणता येणार नाही.

डोस-घट गुणक एकाच डोसला जगलेल्यांच्या गुणोत्तरानं काढू नका. समान परिणामाला डोसांचं गुणोत्तर काढायचं. औषधाविना १० टक्के पेशी ५ ग्रेला उरत असतील आणि औषधासह ९ ग्रेला, तर गुणक १.८. त्यासाठी दोन्ही वक्रांना किमान पाच-सहा डोस हवेत. वसाहत म्हणजे ५० किंवा अधिक पेशी, आणि डोसगणिक पेरलेल्या पेशींची संख्या वाढवायला विसरू नका.

---

औषधनोंद

‘रुग्णांत चालतं’ या वाक्याला मर्यादा आहेत, त्या लिहितो.

पार्श्वभूमी थोडक्यात : १९४९ मध्ये हार्वी पॅट आणि सहकाऱ्यांनी सिस्टीन आधी दिलेले उंदीर मारक क्ष-किरणांतून जास्त संख्येनं वाचतात हे दाखवलं. नंतर अमेरिकेच्या लष्करानं वॉल्टर रीड संस्थेत ४,००० हून अधिक संयुगं चाळली. त्यातून डब्ल्यूआर-२७२१, म्हणजे अमिफोस्टिन, निवडलं गेलं. उंदरांत रक्तपेशी नष्ट होऊन ३० दिवसांत येणाऱ्या मृत्यूसाठी त्याचा गुणक २.७ पर्यंत, आतड्याच्या मृत्यूसाठी सुमारे १.८. पण ते डोस माणसाला सहन होणारे नाहीत. सैनिकाच्या खिशातली गोळी होणं त्याला कधी जमलं नाही : शिरेतून द्यावं लागतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो.

एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची मंजुरी दोन कामांसाठी. १९९५ मध्ये सिसप्लॅटिन या कर्करोगाच्या औषधामुळे मूत्रपिंडाला होणारी इजा कमी करण्यासाठी, १९९९ मध्ये डोके-मानेच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतरच्या किरणोपचारानं येणारा तोंडाचा कोरडेपणा कमी करण्यासाठी, तेही कानाजवळच्या लाळग्रंथींचा बराच भाग किरणांच्या टप्प्यात येत असेल तर.

किरणोपचारासाठी डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम, रोज एकदा, ३ मिनिटांत शिरेतून, रेडिएशनच्या १५ ते ३० मिनिटं आधी. ही वेळ पाळणं सगळ्यात अवघड. औषध रक्तातून विलक्षण वेगानं जातं. सहा मिनिटांनी मूळ रूपातलं १० टक्क्यांहून कमी उरतं. ऊतींत सक्रिय रूप त्यापुढे काही काळ टिकतं, त्याच खिडकीत किरण पडायला हवेत. यंत्र बंद पडलं किंवा रांग लांबली आणि एक तास गेला, तर त्या दिवशी रुग्णानं दुष्परिणाम सोसले आणि संरक्षण मात्र मिळालं नाही. म्हणून रुग्ण यंत्रापाशी तयार आहे, आधीचा रुग्ण आत गेला आहे, हे बघूनच औषध सुरू करायचं.

५०० मिलिग्रॅमची कुपी ९.७ मिलिलिटर ०.९ टक्के सलाइनमध्ये विरघळवली की ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होतं. खोलीच्या तापमानाला ५ तास, २ ते ८ अंशांना २४ तास टिकतं. गढूळ दिसलं तर फेकायचं.

रुग्णाला आधी पुरेसं पाणी, उलटीविरोधी औषध, आणि देताना आडवं झोपवणं. रक्तदाब निदान सुरू करण्यापूर्वी आणि ३ मिनिटं संपताच. सिसप्लॅटिनसोबतच्या, दर चौरस मीटरला ९१० मिलिग्रॅमच्या डोसला १५ मिनिटं लागतात आणि तिथे दर ५ मिनिटांनी रक्तदाब घ्यावा लागतो. रक्तदाबाची औषधं त्या डोसआधी २४ तास थांबवायची. ती थांबवता येत नसतील त्या रुग्णाला हा डोस द्यायचा नाही. थांबायचं केव्हा तेही ठरलेलं आहे : वरचा रक्तदाब सुरुवातीला १०० च्या खाली असेल तर २० नं घसरल्यावर, १०० ते ११९ असेल तर २५ नं, १२० ते १३९ ला ३० नं, १४० ते १७९ ला ४० नं, १८० किंवा वर असेल तर ५० नं. पाच मिनिटांत पूर्ववत झाला आणि त्रास नसेल तर पुन्हा सुरू करता येतं.

दोन गोष्टी नजरेतून सुटतात. औषध पॅराथायरॉइड संप्रेरकाचा स्राव दाबतं, म्हणून कॅल्शियम घटू शकतं. आणि त्वचेच्या प्रतिक्रिया : किरणांच्या क्षेत्राबाहेर, तळहातांवर, ओठांवर किंवा तोंडाच्या आतल्या अस्तरावर अचानक पुरळ-फोड आले तर ‘रेडिएशनचंच असेल’ म्हणून पुढचा डोस देऊ नका. स्टीव्हन्स-जॉन्सनसारखे जीवघेणे प्रकार यात नोंदलेले आहेत, आणि किरणोपचारासाठी वापरताना ते जास्त आढळले आहेत. औषध कायमचं बंद.

मिळतं किती? २००० साली आलेल्या मोठ्या चाचणीत दुसऱ्या किंवा वरच्या श्रेणीचा तात्काळचा कोरडेपणा ७८ टक्क्यांवरून ५१ वर आला, दीर्घकाळचा ५७ वरून ३४ वर. तोंडातल्या जखमांत मात्र ठोस फरक नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात अन्ननलिकेचा दाह कमी होईल ही आशा आरटीओजी या अमेरिकी किरणोपचार संशोधन गटाच्या चाचणीत फोल ठरली. मेंदू आणि मज्जारज्जूपर्यंत औषध नीट पोचत नाही, तिथे त्याच्यावर विसंबू नका.

आज ते कमी दिसतं याचं मोठं कारण तीव्रता-नियंत्रित किरणोपचार. एक पॅरोटिड (कानाजवळची लाळग्रंथी) २० ग्रेच्या खाली किंवा दोन्ही २५ ग्रेच्या सरासरीखाली ठेवता आल्या तर लाळ बऱ्यापैकी वाचते, तीही औषधाविना. माझ्या मते, आराखड्यात ग्रंथी वाचवता येत असेल तर औषधाआधी तो आराखडाच सुधारावा.

---

उकल

गाठीलाही औषध वाचवत असेल, ही भीती वाजवी आहे का?

---

औषधनोंद

वाजवी आहे, आणि प्रत्येक नव्या संरक्षकाला याचं उत्तर द्यावंच लागतं. अमिफोस्टिनचं उत्तर असं : गाठीत रक्तपुरवठा अपुरा, अल्कलाइन फॉस्फेटेज कमी, बाहेरचा पीएच आम्लाकडे झुकलेला, त्यामुळे औषध उघडं होणं आणि आत शिरणं दोन्ही मंदावतं. निरोगी ऊतीत ते काही मिनिटांत भरतं, गाठीत सावकाश. त्या मधल्या वेळेत किरण द्यायचे, १५ ते ३० मिनिटांचं हेही एक कारण. चाचण्यांत गाठ वाचवली गेल्याचा पुरावा दिसलेला नाही.

सरसकट अँटिऑक्सिडंटना हे उत्तर लागू नाही. डोके-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांच्या एका यादृच्छिक चाचणीत किरणोपचारादरम्यान आणि नंतर रोज ४०० युनिट जीवनसत्त्व ई दिलं, सुरुवातीला काही रुग्णांना बीटा-कॅरोटीनही. तात्काळचे त्रास कमी झाले, पण कोणत्याही कारणानं होणारे मृत्यू पूरक घेणाऱ्यांत जास्त निघाले, धोक्याचं गुणोत्तर १.३८. किरणोपचार चालू असताना ‘काही नाही, नुसतं व्हिटॅमिन आहे’ म्हणून मोठे डोस घेऊ नयेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. जेवणातल्या जीवनसत्त्वांबद्दल हे नाही, गोळ्यांच्या डोसबद्दल आहे.

---

वाचक७

पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या डीएनए वाचवतात ना? या यादीत त्यांचं नाव कसं नाही?

---

किरणमापक

कारण त्या डीएनएला वाचवत नाहीत, थायरॉइडचं दार अडवतात. साधं आयोडीन आधी भरलं की किरणोत्सारी आयोडीन-१३१ला जागा उरत नाही. बाहेरून येणाऱ्या गॅमा किरणांवर, सीझियमवर, इतर कोणत्याही अवयवावर परिणाम शून्य.

वेळ इथेही सगळं ठरवते. संपर्काच्या २४ तास आधीपासून ते २ तास नंतरपर्यंत उत्तम, ८ तासांपर्यंत दिल्यास काही फायदा. २४ तासांनंतर दिली तर आत शिरलेलं किरणोत्सारी आयोडीन बाहेर पडणं उलट लांबतं. जागतिक आरोग्य संघटनेचे डोस : १२ वर्षांवरील आणि प्रौढ १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षं ६५, १ महिना ते ३ वर्षं ३२, नवजात १६. लहान मुलं, गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया आधी. वय चाळिशीपुढे गेलं की फायदा फार कमी. अधिकृत सूचना आल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

तसंच प्रशियन ब्लू. ते आतड्यात सीझियमला धरून विष्ठेवाटे बाहेर काढतं. प्रौढांना ३ ग्रॅम दिवसातून तीनदा. सीझियम-१३७ शरीरातून निम्मं व्हायला सुमारे ११० दिवस लागतात, ते ३० च्या आसपास येतं. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोइआनियात ४६ जणांना ते दिलं गेलं. प्लुटोनियम, अमेरिशियम, क्युरियमसाठी डीटीपीए (धातूला धरून ठेवणारं औषध) : पहिल्या दिवशी कॅल्शियम-डीटीपीए १ ग्रॅम शिरेतून, पुढे झिंक-डीटीपीए. ही दोन्ही स्रोत बाहेर काढतात, म्हणून पुढची इजा टळते. झालेल्या इजेला त्यांचा हात लागत नाही.

तिसरा गट रेडिएशननंतरचा. फिलग्रास्टिम (२०१५), पेगफिलग्रास्टिम (२०१५), सारग्रामोस्टिम (२०१८), रोमिप्लोस्टिम (२०२१) यांना तीव्र रेडिएशन विकारातल्या रक्तनिर्मितीच्या ऱ्हासासाठी एफडीएची मंजुरी आहे, प्राण्यांवरील परिणामकारकतेच्या पुराव्यावर, कारण माणसांवर अशी चाचणी करताच येत नाही. २ ग्रेपेक्षा जास्त डोसचा संशय असेल तर फिलग्रास्टिम दर किलोला १० मायक्रोग्रॅम रोज, जितकं लवकर तितकं बरं. ते उरलेल्या मूळपेशींना कामाला लावतं. एकही तुटलेला धागा ते जोडत नाही, आणि तरी जीव वाचवण्यात आज या गटाचाच भरवसा जास्त आहे.

---

उकल

धन्यवाद. पुढचा आराखडा असा :

प्लाझ्मिडचा प्रयोग वगळला. डब्ल्यूआर-१०६५ ४ मिलिमोलर, एलमनची मोजणी करून, १ मिलिमोलर अमिनोग्वानिडिनसह, एकपदरी पेशी, पातळ थर, सैल झाकण, ३० मिनिटं आधी. नवं संयुग १५ मिनिटं आधी, २४ तास आधी आणि रेडिएशननंतर लगेच, असं तिन्ही प्रकारे. ०, २, ४, ६, ८, १० ग्रेचे पूर्ण वक्र. सोबत बर्फावर अल्कलाइन कॉमेट आणि डॅपीनं वेगळे केलेले ठिपके. काही राहिलं?

---

थायॉल

तीन गोष्टी. अमिनोग्वानिडिन सगळ्या गटांत घाला, औषध नसलेल्यांतही. नाहीतर पुढे कुणीतरी विचारेल की संरक्षण त्याचं की थायॉलचं, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. नव्या संयुगाच्या गटात डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर नको, आणि तेवढाच सगळ्या कंट्रोलमध्ये.

आणि बर्फावरच्या कॉमेटला औषध ३७ अंशांवर ३० मिनिटं भरू द्या, मग डिश बर्फावर न्या. आधीच थंड केलेल्या पेशींत डब्ल्यूआर-१०६५ पुरेसं शिरत नाही आणि खरं औषधही निकामी दिसतं.

---

ठिपका

रेडिएशनच्या दिवशी स्लाइडवर नुसते अंक लिहा, कुठल्या अंकाला कोणता गट ते मोजणाऱ्याला सांगू नका. कॉमेटची शेपटी आणि कडेचे ठिपके मोजताना डोळा नकळत झुकतो.

---

उकल

अंक घालतो. ०.१ टक्के डीएमएसओत संयुग ५० मायक्रोमोलरला तळाशी बसतं, २० ला नाही. २० नंच करतो.